फिरायला जायचंय, पण जनावरांची धास्ती वाटते? मराठवाड्यातल्या नवख्यांसाठी

2020 च्या दिवाळीत रक्त तपासलं आणि शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करू, पण रोज पाऊण तास चालायचं. मी राहते अंबाजोगाईत. गावाबाहेर पडलं की मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणारा रस्ता, बालाघाटाचा उतार, खाली दरी. चालायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. पण नेमक्या त्याच नोव्हेंबरात आमच्याच बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात, बिबट्याने आठवडाभरात तिघांचा जीव घेतला. आष्टी आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. व्हॉट्सॅपवर मात्र तो बिबट्या रोज आमच्याच गल्लीत यायचा. डिसेंबरात त्याला करमाळा तालुक्यात गोळी घातली, तरी आमच्या ग्रुपवर तो संक्रांतीपर्यंत फिरत होता.

तो सगळा काळ मी गच्चीवर चालले. अठ्ठावीस पावलं, वळण, पुन्हा अठ्ठावीस पावलं. शेवटी चक्कर यायला लागली आणि कंटाळून खाली उतरले.

आता मी रोज पहाटे बाहेर असते. भीती गेली असं म्हणणार नाही. आधी ती सगळीकडे सांडलेली होती, आता जिथे हवी तिथेच आहे, एवढंच. बदली होऊन आलेले शिक्षक, बँकेतली मंडळी, पुण्याहून गावी परतलेली मुलं, पहाटे चारला रस्त्यावर पळणारी पोलीस भरतीची पोरं, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. (बाई एकटी चालते तेव्हा माणसांचीही भीती असते. तो विषय याहून मोठा आहे, इथे घेत नाही.)

पहिलं काम: तुमच्या भागात कोण राहतं ते विचारा

विचारायचं कुणाला, हे महत्त्वाचं. कॉलनीतल्या माणसाला विचाराल तर तो मोबाइल काढून व्हिडिओ दाखवील, आणि तो व्हिडिओ भलत्याच राज्यातला असेल. विचारा मेंढरं राखणाऱ्याला, सालगड्याला, रात्रीच्या लायटीवर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला. वनरक्षक भेटला तर उत्तमच.

मला भेटले ते मेंढरंवाले मामा. दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, आमच्या रस्त्याच्या कडेला बसतो. मी विचारलं, "मामा, इथं बिबट्या आहे का?" त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं.

"आसंल की. आला तर येतो, जातो. मॅडम, तुम्ही त्या तारंकडं बघा आधी."

त्यांनी हात केला तिकडे हरभऱ्याच्या कडेने, गुडघ्याच्याही खाली, एक बारीक तार गेली होती. रानडुकरांसाठी. मग त्यांनी बोटं मोडत त्यांची यादी सांगितली: तारेतला करंट, लांबडं (म्हणजे साप), डुक्कर, मोहळ, पिसाळलेलं कुत्रं. बिबट्या यादीत नव्हताच. मी आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "तो बी घाला शेवटाला."

तुम्ही तुमची यादी करा आणि ती अशा माणसाच्या यादीशी ताडून बघा. माझ्या यादीत पहिला बिबट्या होता, दुसरा लांडगा, तिसरं तडस (तरस). तारेचं तर नावच नव्हतं, आणि तीच माझ्या वाटेपासून चार हातांवर होती.

तारेचं जरा नीट सांगते, कारण शहरातून आलेल्यांना ते माहीत नसतं. शेताभोवती दोन प्रकारच्या तारा दिसतात. एक झटका मशीनची: बॅटरीवर किंवा सोलरवर चालते, ठरावीक वेळाने क्षणभर झटका देते, माणूस दचकतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. दुसरी, खांबावरून थेट करंट घेऊन सोडलेली. ती बेकायदा आहे आणि माणूस मारते. अंधारात दोन्हींतला फरक कळत नाही. म्हणून शॉर्टकट म्हणून कुणाच्या शेतातून, बांधावरून जायचं नाही, उजाडायच्या आधी तर मुळीच नाही. पीक काढणीला आलं की हे दुप्पट लागू.

इथली बोलीही थोडी शिकून घ्या, उपयोगी पडते. तडस म्हणजे तरस. रोही म्हणजे नीलगाय. रात्री सापाला साप म्हणत नाहीत; "लांबडं" म्हणतात, कधी नुसतं "जनावर". आणि कुणी घाईने येऊन "पान लागलं" म्हणालं तर विड्याचं पान समजू नका, साप चावलाय. आमच्या शाळेत नव्या आलेल्या एका सरांना हे कळेपर्यंत पाच मिनिटं गेली होती. सुदैवाने दिवड निघाली, बिनविषारी.

दुसरं काम: आठवडाभर उजेडात चाला आणि जमीन वाचा

पहाटेची घाई करू नका. पहिला आठवडा सकाळी आठला जा, शक्यतो कुणाला तरी सोबत घेऊन, आणि रोज त्याच रस्त्याने. रस्ता पाठ झाला की अर्धं काम होतं: कुठे मोरी आहे, कुठे ऊस आहे, कुणाच्या आखाड्यावर (शेतातल्या घरावर) कुत्री आहेत, कुठला दगड अंधारात बसलेल्या माणसासारखा दिसतो. तो दगड माझ्याही रस्त्यावर आहे. आठ दिवस त्याला घाबरले.

मग धुळीकडे बघा. गाडीवाटेची बारीक धूळ सकाळी ताज्या वहीसारखी असते, रात्री कोण गेलं ते सगळं त्यात उमटलेलं. पंजाचा ठसा दिसला की खाली बसा आणि बोटांच्या पुढे नखांची टिंबं आहेत का ते बघा. नखं उमटली असतील तर कुत्रा, कोल्हा, लांडगा किंवा तडस. मांजरकुळातली जनावरं चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे बिबट्याचा ठसा गोलसर आणि बिननखांचा येतो. "बिबट्याचे ठसे सापडले" म्हणून आमच्या ग्रुपवर जे फोटो पडतात, त्यांतल्या बहुतेकांत नखं स्पष्ट दिसतात. म्हणजे आखाड्यावरचा मोत्या.

जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर तिथून डुकरं गेलीत. एकाच जागी लेंड्यांचा ढीग म्हणजे रोही; ते पुन्हा पुन्हा तिथेच येतं. खडूसारखी पांढरी पडलेली विष्ठा तडसाची, कारण ते हाडं खातं. काळे-पांढरे काटे पडले असतील तर साळिंदर, आणि ते काटे फेकून मारत नाही, ही गोष्ट चौथीच्या मुलांना दरवर्षी समजावून सांगावी लागते.

हे सगळं बघण्यात माझा पहिला आठवडा गेला. त्या आठवड्यात एकही जनावर दिसलं नाही. दिसली ती फक्त त्यांची ये-जा, आणि तीही बहुतेक मी घरी झोपलेली असतानाची.

तिसरं काम: वेळ आणि वाट ठरवा

झुंजुमुंजु व्हायच्या आधीचा तास आणि दिवेलागणीनंतरचा तास जनावरांचा. ते बाहेर असतात आणि आपल्याला दिसत नाहीत. शुगरसाठी चालायचं असेल तर सूर्य वर आल्यावर निघालं तरी तेवढाच फायदा होतो, मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. भरतीच्या पोरांची अडचण वेगळी. त्यांनी निदान तिघा-चौघांनी मिळून, मोकळ्या रस्त्यावर पळावं.

पावसाळ्यात गवत वाढतं, बिळांत पाणी शिरतं आणि साप रस्त्यावर येतात. कडेच्या गवतातून नाही, डांबराच्या मधून चाला. (मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवर लक्ष ठेवून, हे सांगायला नको.) थंडीत उसाची तोडणी चालू असते. उभ्या उसात आसरा घेतलेली जनावरं, डुकरं असोत, कोल्हे असोत, गोदाकाठच्या पट्ट्यात क्वचित बिबट्याची मादी आणि पिल्लं असोत, फड मोकळा होताच बाहेर पडतात. तोडणी चाललेल्या फडाच्या कडेने अंधारात जाऊ नका. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर गर्दी असते. माळावरच्या पाझर तलावावर संध्याकाळी जाऊन बसणं सुंदर वाटतं, पण जनावरांना दुसरं पाणी नसतं. त्यांना ती वेळ सोडा.

चौथं काम: सोबत काय घ्यायचं

काठी, बॅटरी, घोट्यापर्यंतचे बूट. झालं.

काठी मारायला नाही. ती आपटत चालायची. सापाला हवेतला आवाज फारसा कळत नाही, जमिनीतून आलेला हादरा कळतो आणि तो बाजूला होतो. शिवाय गवत चाचपायला काठी, कुत्र्याच्या आणि आपल्या मधे धरायलाही काठी. बॅटरी मोबाइलची नको. तिचा उजेड पसरट पडतो आणि फोन हातात अडकतो. बॅटरीचा झोत पुढच्या दोन-तीन पावलांवर ठेवा आणि मधूनमधून लांब टाका. लांब दोन डोळे चमकले तर लगेच बिबट्या समजू नका. शेळीचे चमकतात, कुत्र्याचे चमकतात, रस्त्यावर बसलेल्या रातवा पक्ष्याचे तर निखाऱ्यासारखे चमकतात.

कानात गाणी लावू नका. हे एकच मी हट्टाने सांगते. कारण पुढे येईल.

फोनमध्ये तीन गोष्टी साठवून ठेवा: 108 रुग्णवाहिकेसाठी, 1926 वन विभागासाठी, आणि सापाची लस मिळणारा तुमच्या जवळचा सरकारी दवाखाना कुठला हे आधीच विचारून त्याचा नंबर. आम्हाला गावातच वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, हे नशीब. सगळ्यांचं तसं नसतं.

पाचवं काम: समोर आलंच तर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, आणि सगळ्यांवर सारखी नाही.

कुत्रा. हसू नका. चालणाऱ्या माणसाला चावण्याची सगळ्यांत जास्त शक्यता याचीच. कुत्री अंगावर आली की पळायचं नाही. थांबा, काठी मधे धरा, नजरेला नजर भिडवू नका, खाली वाकून दगड उचलल्याचं नाटक करा. गावातल्या कुत्र्याला ती हालचाल जन्मापासून ठाऊक असते. मेंढरांबरोबरच्या कुत्र्यांना मात्र दगडाचंही फार नसतं. तिथे लांबूनच मालकाला हाक मारायची आणि तो आला की मगच पुढे सरकायचं.

रानडुक्कर. मामांच्या यादीत तिसरं आणि माझ्या मते पहिल्या तिघांत राहायलाच हवं. एरवी ते पळून जातं. पिल्लांची आई, जखमी झालेलं, किंवा कुत्र्यांनी कोंडलेलं डुक्कर मात्र सरळ अंगावर येतं आणि त्याचे सुळे माणसाच्या मांडीच्या उंचीला लागतात. पिल्लं रस्ता ओलांडताना दिसली तर आई कुठे आहे ते कळेपर्यंत थांबा. ती आणि पिल्लं यांच्या मधे येऊ नका. अंगावर आलंच तर झाडामागे व्हा, बांधावर चढा, दगडावर चढा. दोन-तीन हातांची उंचीसुद्धा पुरते.

वानर. माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावातल्या, कुत्र्यांची पिल्लं उंचावर नेणाऱ्या वानरांची बातमी 2021 च्या डिसेंबरात देशभर गेली. तेव्हापासून पाहुणे आम्हाला फोन करून "तुमच्याकडची वानरं" म्हणून विचारतात. फिरायला जाताना हातात खायची पिशवी ठेवू नका आणि त्यांच्याकडे बघून दात दाखवून हसू नका. तुमचं हसू त्यांना धमकी वाटते.

कोल्हा, खोकड, रोही, काळवीट यांच्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. थांबा, बघा, ती निघून जातील. रोही घोड्याएवढं असतं, पण त्याचा धोका पायी चालणाऱ्याला नाही, मोटारसायकलवाल्याला आहे.

लांडगा आणि तडस. माळरानावर दोघंही आहेत. लांडग्याचं लक्ष मेंढरांवर असतं, तुमच्यावर नाही. तडसाबद्दल मी माझी फजिती सांगते. तिसऱ्या महिन्यातली गोष्ट, फेब्रुवारी होता. कानात भजन लावून मी पहाटे चालले होते. रस्त्याच्या वळणावर समोरून काहीतरी आलं: पुढून उंच, मागून बसकं, अंगावर पट्टे, मानेवर उभे केस, चाल लंगड्यासारखी. आमच्यात पंधरा पावलं होती. पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले. कानात टाळ वाजत होते आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं, ना त्याची पावलं, ना मागून येणारी दुधाची गाडी. तडसाने मला बघितलं, वास घेतला, आणि कंटाळल्यासारखं तोंड फिरवून ओढ्यात उतरलं. मी मात्र मागे वळून धावले ती थेट त्या गाडीवर. दूधवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचले. कॅन आडवी झाली, निम्मं दूध सांडलं. माझा गुडघा फुटला तो गाडीमुळे, तडसाने केसालाही धक्का लावला नव्हता.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "तडसाला काय भ्यायचं? ते मेलेलं खातंय. तुम्ही तर चांगल्या चालत व्हत्या."

या सगळ्यांना एक अपवाद. कोल्हा, लांडगा, कुत्रा, मुंगूस, कुठलंही जनावर दिवसाढवळ्या माणसाला न भिता सरळ चालत येत असेल, लाळ गळत असेल, झोकांड्या खात असेल, तर ते पिसाळलेलं समजा. तिथे धीटपणा नको. घरात शिरा, गाडीत बसा, उंचावर चढा आणि वन विभागाला कळवा.

बिबट्या. तो आहे. संभाजीनगरात डिसेंबर 2019 मध्ये सिडकोच्या एन-1 वसाहतीत शिरला होता, 2024 च्या जुलैत उल्कानगरीत कॅमेऱ्यात दिसला. गौताळ्याच्या अभयारण्यात आणि अजिंठ्याच्या डोंगरात तर तो घरच्यासारखा आहे. तरी चालणाऱ्या उभ्या माणसावर तो सहसा येत नाही. वाकलेल्या, बसलेल्या माणसाचा त्याला चार पायांच्या सावजासारखा भास होतो, म्हणून उसाच्या किंवा झाडीच्या कडेला अंधारात खाली बसू नका, शौचाला तर नाहीच. समोर आला तर पळू नका, पाठ फिरवू नका. हात वर करा, ओढणी, टॉवेल, जे असेल ते पसरून मोठे दिसा, मोठ्याने बोला आणि हळूहळू मागे सरका. लहान मूल सोबत असेल तर पाठ न दाखवता, फार न वाकता त्याला उचलून घ्या. बिबट्याला जायला वाट ठेवा. आणि बिबट्या वस्तीत दिसला असं कळलं तर बघायला जाऊ नका. चारी बाजूंनी गर्दी झाली की त्याला पळायला माणसांतूनच वाट काढावी लागते.

वाघाचंही विचारतात. मराठवाड्यात वाघाची कायमची वस्ती नाही. यवतमाळच्या टिपेश्वरकडून तरुण वाघ जागा शोधत येतात: एक 2021 मध्ये गौताळ्यात दिसला, एक 2024 च्या डिसेंबरात धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात. अशा वेळी वन विभाग सांगेल तेवढे दिवस ती वाट सोडा. अस्वलाची काळजी किनवट-माहूरकडच्यांनी आणि अजिंठ्याच्या रांगेतल्यांनी घ्यावी, विशेषतः मोहाची फुलं पडतात त्या दिवसांत. ते खाण्यात गुंग असतं, माणूस एकदम जवळ गेला की दचकून अंगावर येतं. आवाज करत चालणं हाच उपाय.

आता मोहळ. इथे वरचे सगळे नियम उलटे होतात: इथे पळायचं. आग्या मोहळ वडावर, पाण्याच्या टाकीखाली, कड्यांवर, लेण्यांच्या कपारीत असतं. अजिंठ्याला, दौलताबादला गेलात तर वर मान करून बघाच. धूर, भडक अत्तर, पोरांनी मारलेला दगड, एवढं पुरतं. माश्या उठल्या की चेहरा झाका आणि सरळ रेषेत लांब पळा, घर किंवा गाडी मिळेपर्यंत. हाताने झटकत बसू नका. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघतात. काटे नखाने खरवडून लगेच काढा. खूप डंख बसले असतील, श्वास लागत असेल, ओठ किंवा जीभ सुजत असेल, तर थेट दवाखाना.

साप: याला वेगळं प्रकरण हवं

एक श्रावणातली पहाट. प्रेशर कुकरची शिट्टी होते तसा आवाज आला, पण न थांबणारा. आजूबाजूला एकही घर नाही. बॅटरी खाली केली तर रस्त्याच्या कडेला वेटोळं घालून घोणस. अंगावर तपकिरी कड्यांची साखळी, डोकं त्रिकोणी, आणि सगळं अंग भात्यासारखं फुगत-बसत होतं. माझ्या बुटापासून दोन हात. तो दिवस कानात काही नसण्याचा होता, म्हणून हे लिहिते आहे. मी जिथे होते तिथून उलट्या पावली पाच-सहा पावलं मागे आले आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने निघून गेले. तिने काहीच केलं नाही. ती तर आधीच सांगत होती.

आपल्याकडे ओळखायचे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. मण्यार काळी, अंगावर पांढऱ्या जोड-रेघा, रात्री फिरते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून जास्त वाईट. फुरसं वीतभर-हातभर, खडकाळ जागी, अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं. धामण, दिवड, तस्कर, गवत्या, कवड्या बिनविषारी. पण ओळखण्याच्या नादात जवळ जायचं नाही, आणि मारायचं तर नाहीच. मारायला जाणाऱ्यालाच तो चावतो.

चावला तर काय? मांत्रिक नाही, देवळाची फेरी नाही, ब्लेड नाही, तोंडाने ओढणं नाही, करकचून दोरी बांधणं नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण, बूट काढा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय फळीला, काठीला सैल बांधून हलू देऊ नका. त्या माणसाला चालवू नका. मोटारसायकलवर मधे बसवून न्या, पण न्या. साप पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. चारही सापांवर एकच लस चालते आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. दवाखान्यात काचेच्या नळीत थोडं रक्त काढून वीस मिनिटं ठेवतात आणि गोठतं का बघतात. नातेवाईक तेव्हा "काही करेनात नुसते बसलेत" म्हणून ओरडतात. ओरडू नका, तीच तपासणी चालू असते.

कुत्रा, कोल्हा, वानर, मुंगूस चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट भरू नका. त्याच दिवशी रेबीजची पहिली सुई घ्या आणि सगळे डोस पूर्ण करा. जखम खोल असेल तर जखमेभोवती द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते आठवणीने विचारा.

लाल विंचू चावला आणि दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं तर वेळ घालवू नका. यावरचा आज जगभर वापरला जाणारा प्राझोसिन या औषधाचा उपचार डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात, महाडला, शोधला, आणि ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. आमच्या वर्गात हे मी दरवर्षी सांगते. मुलांना विंचवापेक्षा जालन्याचं जास्त कौतुक वाटतं.

सहावं काम: भीतीला सवय लावणं

माहिती मिळाली म्हणून छातीतली धडधड थांबत नाही, हे मला माहीत आहे. तडसानंतर मी पुन्हा आठ दिवस गच्चीवर गेले होते. मग असं केलं: पहिला आठवडा आठ वाजता, नवऱ्याला सोबत घेऊन. दुसरा आठवडा सात वाजता, तो शंभर पावलं मागे. तिसऱ्यात मी एकटी, पण अर्ध्या वाटेपर्यंत. वळणावरच्या त्या ओढ्यापाशी जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहायचे. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत परतले. चौथ्या दिवशी पाच मिनिटं कधी झाली कळलं नाही, कारण एक मोर उतरला होता.

घाबरायला झालं की मी पाढे म्हणते, मोठ्याने. सोपे नाही, एकोणतीसचा. एकोणतीस सक किती, हे आठवताना श्वास आपोआप लांब होतो, आणि आवाज लांबपर्यंत गेल्यामुळे पुढचं जनावर आधीच बाजूला होतं. लोक बघतात. दूधवाला हल्ली लांबूनच "मॅडम, तिसाचा घ्या की, सोपा हाय" म्हणून ओरडतो. त्याचे सांडलेल्या दुधाचे पैसे मी दिलेत, तरी.

एक राहिलंच. चालून आल्यावर बूट अंगणात, पायरीवर सोडू नका. सोडलेत तर सकाळी घालायच्या आधी उलटे करून दोनदा आपटा. मागच्या पावसाळ्यात माझ्या उजव्या बुटातून बेडूक निघाला. डाव्यातून काही निघालं नाही, पण मी तो तीनदा आपटला.